सरासरीचे बदलते माप

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या मार्गावर पनागर लागते. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील या काळ्या, भारी जमिनीच्या पट्ट्यात ‘हवेली’ नावाची एक जुनी शेतीपद्धती रूढ होती. शेताभोवती बांध घालून पावसाचे पाणी शेतातच कोंडावयाचे आणि पावसाळा सरता सरता ते सोडून देऊन ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा. पाणी केव्हा सोडावे, हे पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवावरून ठरे. ती एक अलिखित सरासरीच होती. पुढे बरगी धरण आले, कालवे आले. सरासरी आता आकड्यांत मांडली जाते आणि तिच्याच आधारावर धरणे बांधली जातात, पाणीवाटपाचे निवाडे होतात.

सरासरी म्हटली, की प्रथम विचारावयास हवे : कोणत्या वर्षांची? भारतीय हवामान विभाग दीर्घ मुदतीच्या, पन्नास वर्षांच्या सरासरीशी मोसमी पावसाची तुलना करतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची सरासरी १९५१-२००० या काळावरून ८९ सेंटिमीटर धरली जात असे. १९६१-२०१० या काळावरून ती ८८ झाली. २०२२ मध्ये १९७१-२०२० हा काळ स्वीकारल्यावर ती ८७ वर आली. विभागाने ही घट ओल्या आणि कोरड्या दशकांच्या नैसर्गिक आवर्तनाशी जोडली आहे. फरक दोनच सेंटिमीटरचा. पण ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘सामान्य’ पाऊस, हा निकष लावून पाहावा. ८४ सेंटिमीटर पाऊस जुन्या मापाने सुमारे ९४ टक्के, म्हणजे सामान्याहून कमी ठरतो. नव्या मापाने तो जवळजवळ ९७ टक्के भरतो आणि सामान्य गणला जातो. पाऊस तोच, शेतही तेच!

शिवाय सरासरी पुष्कळ काही लपविते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील भू. ना. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील दैनिक पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिवृष्टीच्या घटना वाढल्या होत्या, मध्यम पावसाच्या घटल्या होत्या; एकूण सरासरी मात्र जवळपास होती तेथेच होती. बेरीज-वजाबाकी जुळली, तरी मुरणाऱ्या पावसाची जागा धावणाऱ्या पावसाने घेतली. हवेलीच्या बांधांना किंवा धरणाच्या दरवाजांना हा भेद सरासरीच्या आकड्यावरून कळणार नाही.

नदीच्या बाबतीत तर प्रश्न अधिक बिकट आहे. नर्मदा जलतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात नदीतील उपलब्ध पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले. हा आकडा ७५ टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर वर्षी तरी मिळेल असे मानलेल्या पाण्याचा. त्याची वाटणी मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५० आणि महाराष्ट्र ०.२५ अशी झाली. गरुडेश्वर येथे प्रवाहाची प्रत्यक्ष मोजणी १९४८ पासूनची. त्याआधीच्या वर्षांचे प्रवाह पावसाच्या जुन्या नोंदींवरून अनुमानाने काढलेले. पुढे केवळ प्रत्यक्ष मोजणीवरून हिशेब केला, तेव्हा आकडा सुमारे २३ दशलक्ष एकर-फूट निघाला. पाच दशलक्ष एकर-फुटांची ही तफावत महाराष्ट्राच्या वाट्याच्या वीसपट भरते! अर्थात, या तफावतीचा सगळा दोष हवामानबदलाच्या माथी मारणे रास्त होणार नाही. मोजणीची पद्धत आणि निवडलेला काळ यांचाही त्यात मोठा हात आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढेही आले. १८ ऑक्टोबर २००० च्या बहुमताच्या निकालाने लवादाचा आकडा बंधनकारक मानला.

तथापि निवाडा अगदीच अव्यवहारी नव्हता. एखाद्या वर्षी पाणी कमी वा अधिक आले, तर तूट व आधिक्य ७३ : ३६ : २ : १ या प्रमाणात चारही राज्यांनी वाटून घ्यावे, अशी तजवीज त्यात आहे. कोरड्या वर्षाचा भार असा एकट्यावर पडत नाही. जो आकडा वर्षागणिक हलतो, त्याच्याशी करार करण्याची ही शहाणी रीत म्हणावी लागेल. राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून पंचेचाळीस वर्षांनी वाटपाचा फेरविचार करण्याची मुभाही निवाड्यात होती. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली.