नाजूक मुलींचा धसमुसळा खेळ

मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर गर्भाशयावर परिणाम होतो, असं बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ साली पुस्तकात लिहिलं आणि भल्याभल्यांना ते पटलं. दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनला स्मिथ कॉलेज सुरू झालं, तेव्हा मुली होत्या चौदा. शिकूनही त्या ठणठणीत राहतात हे दाखवणं भागच होतं. म्हणून व्यायाम आला, तोही औषधासारखा: कवायत, हात वर, हात खाली.

१८९२ च्या जानेवारीत सेंडा बेरेन्सन व्यायाम शिकवायला आल्या. तीसेक किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी नुकताच बास्केटबॉल शोधला होता. बाईंनी त्याबद्दल वाचून तो उचलला. २२ मार्च १८९३ ला दुसरं वर्ष विरुद्ध पहिलं वर्ष असा सामना ठरला. पुरुषांना प्रवेश बंद. बाईंनी चेंडू वर उडवला तोच पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा खांदा निखळला! तो जागेवर बसवला, बदली मुलगी उतरवली आणि खेळ पुढे चालू. दुसरं वर्ष ५-४ नं जिंकलं.

मग बाईंनी नियम मवाळ केले. मैदानाचे तीन भाग. आपला भाग सोडायचा नाही, चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांहून जास्त धरायचा नाही. आज हे सोवळं वाटतं. मला मात्र ती हुशारी वाटते, कारण एवढी बंधनं घातली म्हणूनच बाकीच्या कॉलेजांनी हा खेळ मुलींना खेळू दिला.



अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींना पाचजणींनी पूर्ण मैदानभर खेळायला १९७१ उजाडलं. आयोवातल्या शाळांनी मात्र मैदान विभागून सहाजणींनी खेळायचा जुना प्रकार १९९३ पर्यंत सोडला नाही. तिथे त्या सामन्यांना तुडुंब गर्दी व्हायची. आणि स्मिथचा संघ? २०२४ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला आणि न्यूयॉर्क विद्यापीठाकडून हरला.