झोपेच्या मागे धावू नका



दिवाळीनंतरची गोष्ट. बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा करून झाले आणि आमची एक ताई बसल्या जागी पेंगू लागली. सगळ्या हसल्या. "रात्री झोपत नाहीस का गं?" कुणीतरी विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "नाही झोपत. दिवेलागण झाली की पोटात गोळा येतो. आजही झोप नाही आली तर?" हसणं थांबलं. मग एकेक करत अजून चौघी बोलल्या. त्यांचंही तेच होतं, पण कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

ही ताई कसारा मार्गावरच्या गावातली. मेथी, शेपू, पालक घेऊन पहाटेच्या लोकलने कल्याणला जाते. तीनला उठावं लागतं. एकदा तिला गजर ऐकू आला नाही. गाडी गेली, जुड्या सुकल्या, त्या आठवड्याचा हप्ता चुकला. तेव्हापासून मोबाईल उशाखाली. दर थोड्या वेळाने बघायचं: साडेअकरा वाजले, अजून झोप नाही. एक वाजला, आता दोनच तास उरले. शेजारणीने तिच्याकडची झोपेची गोळी दिली, तीही हिने घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावर पाटी घेऊन स्टेशनचा पूल चढताना तिला भोवळ आली. कठडा हाताला लागला म्हणून वाचली.

आम्ही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

झोप ही भुकेसारखी आहे. जितका वेळ आपण जागे, तितकी झोपेची भूक वाढत जाते. संध्याकाळी टीव्हीसमोर डुलकी काढली, तर ते जेवणाआधी फरसाण खाण्यासारखं झालं. शिवाय शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. रोज एकाच वेळी उठलं की ते नीट चालतं. पण या दोन्ही गोष्टी जुळल्या तरी भीती असेल तर झोप येत नाही. घरात साप निघाला तर आपण झोपू का? छाती धडधडते, अंग ताठ होतं. "झोप आली नाही तर काय होईल" ही भीतीसुद्धा शरीराला त्या सापासारखीच वाटते. म्हणजे झोप का येत नाही, तर येणार नाही या धास्तीने. आपण झोपेच्या मागे धावतो आणि ती अजून लांब जाते.

त्यातून दुसरी सवय लागते. रोज रात्री अंथरुणावर तळमळलं की शरीर शिकतं, अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा. म्हणून ओट्याशी उभ्याने पेंगणारी बाई अंथरुणाला पाठ टेकताच टक्क जागी होते. ही सवय मोडायची रीत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडली. आजही जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी विचार आणि सवयी बदलण्याचे जे उपचार सांगतात, त्यात ही रीत असते.

आपल्या घरात ती अशी करता येईल.

एक, डोळे जड झाले की मगच अंथरूण घाला आणि उठल्यावर लगेच वळकटी करून ठेवा. आपल्या आज्या हेच करायच्या. दिवसभर पसरलेल्या अंथरुणावर बसून मोबाईल, निवडणं-टिपणं, हिशेब काही नको.

दोन, साधारण वीस मिनिटं झोप आली नाही असं वाटलं, तर उठा. वेळ घड्याळात बघू नका, अंदाजानेच ठरवा. घर एका खोलीचं असलं तरी भिंतीला टेकून किंवा उंबऱ्याशी बसता येतं. मंद उजेडात लसूण सोला, वाती वळा. डोळे मिटायला लागले की परत जाऊन पडा. पुन्हा झोप नाही आली तर पुन्हा उठा.

तीन, रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ बदलू नका. दुपारी पडायचंच तर तीनच्या आधी, तेही अर्ध्या तासापर्यंत.

चार, मोबाईल हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा. गजर राहीलच, पण वेळ दिसणार नाही. गजराची फार धास्ती असेल तर घरातल्या कुणाला किंवा सोबतच्या बाईला हाक मारायला सांगा.

पाच, दुपारनंतर चहा टाळा. चहातलं कॅफीन पाच तासांनंतरही सुमारे निम्मं अंगात राहतं.

सहा, काळजीला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी पंधरा मिनिटं बसून काय काय सतावतंय आणि उद्या त्याचं काय करायचं ते वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला किंवा मैत्रिणीला सांगा. रात्री तेच आठवलं तर मनाला म्हणा, "वहीत आहे, उद्या बघू."

आणि एक लक्षात ठेवा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असं वाटतं, तेव्हाही मधूनमधून झोप लागून गेलेली असते. एखादी रात्र वाईट गेली तर पुढे शरीर जास्त गाढ झोपून बरीचशी भरपाई करून घेतं.

पण सगळंच सवयीवर ढकलू नका. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांपासून हा त्रास असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रात्री पायांत वळवळ होत असेल, सारखे हलवावेसे वाटत असतील, तर शरीरात लोह कमी असू शकतं. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पाळी जातानाच्या वयात अंगातून वाफा येणं, थायरॉईड, यानेही झोप मोडते. दुसऱ्याची गोळी कधीच घेऊ नका. स्वतःची रोजची गोळीही एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा क्रमांक १४४१६. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही ठाण्यातच आहे. तिथे गेलं म्हणजे वेड लागलं असं नव्हे.

आमच्या ताईचं काय झालं? पहिला आठवडा तिला जडच गेला. "उठून बसायला सांगता, त्यापेक्षा पडून राहणं बरं," म्हणून ती चिडलीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यापासून झोप लागू लागली. सोबतची बाई पहाटे दाराशी हाक मारते. अजूनही एखादी रात्र जागी जाते. पण परवा म्हणाली, "जाग आली तर आता लसूण सोलते, घाबरत नाही."

पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर एकमेकींना हेही विचारा, "झोप लागते ना गं?" आणि कुणी पेंगली तर हसू नका.