भिंगांची पहिली दुर्बीण आणि नाशिकचे वीस अंश

भिंगांच्या दुर्बिणीची रचना साधी असते. नळीच्या पुढच्या टोकाचे मोठे वस्तुभिंग प्रकाश गोळा करते, मागची नेत्रिका प्रतिमा मोठी करून दाखवते. गॅलिलिओने १६०९ मध्ये आकाशाकडे वळवलेली दुर्बीण भिंगांचीच होती. भारतात दुर्बिणीतून आकाश पाहिल्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक नाशिकच्या शेजारची आहे: जेरेमाया शेकर्ली या इंग्रजाने १६५१ मध्ये सुरतेहून सूर्यबिंबावरून सरकणारा बुध पाहिला. त्या काळच्या एकेरी भिंगातून प्रत्येक तेजस्वी वस्तूभोवती रंगांची झालर दिसे. दोन जातींच्या काचा जोडून ती बरीच कमी करता येते. लंडनच्या जॉन डॉलंडने अशा जोडभिंगाचे पेटंट १७५८ मध्ये घेतले आणि आजही नवशिक्यांच्या दुर्बिणीत हेच जोडभिंग असते. शुक्राभोवती किंवा चंद्राच्या कडेला थोडी जांभळट छटा उरते. तो बिघाड नव्हे.

नळीवर ‘७०/७००’ असे आकडे असतील तर पहिला भिंगाचा व्यास आणि दुसरा नाभीय अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नाभीय अंतराला नेत्रिकेच्या आकड्याने भागले की वस्तू किती पट मोठी दिसेल ते कळते: २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून २८ पट, १० मिलिमीटरच्या नेत्रिकेतून ७० पट. खोक्यावर मात्र कित्येकदा ‘५२५ पट’ असे ठळक छापलेले असते. बारीक नेत्रिकेला तिप्पट करणारे बार्लो भिंग जोडून हा आकडा काढतात. प्रत्यक्षात भिंगाच्या व्यासाच्या दुपटीपलीकडे, म्हणजे इथे सुमारे १४० पटींपलीकडे, प्रतिमा नुसती फुगते, अंधूक होते आणि नवा तपशील एकही दिसत नाही. पटींचा आकडा मिरवणारे खोके दुकानातच ठेवावे. भिंगाचा व्यास आणि तिवईचा भक्कमपणा पाहून खरेदी करावी.

तिवईवर नळी धरणाऱ्या माउंटची निवड करताना नाशिकचा अक्षांश आड येतो. साधा माउंट नळीला वरखाली आणि डावीकडे-उजवीकडे फिरवतो. दुसरा, विषुववृत्तीय माउंट, पृथ्वीच्या आसाला समांतर असा तिरका बसवतात. मग एकच दांडी फिरवून तारा नजरेत ठेवता येतो. कल्पना उत्तम आहे, पण हा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून गावाच्या अक्षांशाइतकाच उंच असतो. नाशिक सुमारे २० अंश उत्तरेला आहे. एवढ्या खालचा ध्रुव शहरातून उत्तरेकडच्या इमारतींमागे तरी लपतो, नाहीतर धुरकटात विरतो. शिवाय स्वस्त माउंट ४०-५० अंशांवरच्या देशांना सोयीचे असतात. आस २० अंशांपर्यंत कलवला की तोल सांभाळणारे वजन कधी तिवईच्या पायाला अडते आणि सगळे यंत्र एका बाजूला झुकू पाहते. म्हणून नाशिकच्या नवशिक्याने साधा माउंट घ्यावा. घरात विषुववृत्तीय आलाच असेल तर त्याची अक्षांशाची पट्टी २० अंशांवर ठेवावी आणि तिवईचा एक पाय बरोबर उत्तरेला करावा.

साध्या माउंटची एक खोड मात्र इथेच जास्त जाणवते. या अक्षांशावर चंद्र आणि ग्रह पुष्कळदा जवळजवळ माथ्यावरून जातात. तिथले आकाश सर्वांत स्वच्छ असते, पण नळी सरळ वर केली की तिचे मागचे टोक तिवईला टेकते. तेव्हा ग्रह माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर पाहावा.

जुळणी दिवसाउजेडी करावी. तिवईचे पाय पूर्ण उंच न करता, नळी अडणार नाही इतपतच ठेवले तर थरथर कमी होते. नळीच्या मागे काटकोनी डायगोनल आणि त्यात आधी २५ मिलिमीटरचीच नेत्रिका लावावी. मग पांडवलेणीच्या डोंगराचा किंवा म्हसरूळच्या चामर लेणीचा माथा अशी काही किलोमीटर दूरची खूण मधोमध आणून चाक हळूहळू फिरवत प्रतिमा स्पष्ट करावी. आरशाच्या डायगोनलमुळे दृश्य सुलटे, पण डावे-उजवे बदललेले दिसते. आता मुख्य नळीला हात न लावता तिच्यावरच्या फाइंडरचे, म्हणजे छोट्या शोधक-दुर्बिणीचे, स्क्रू फिरवून तीच खूण त्याच्याही मध्यावर आणावी. हे दहा मिनिटांचे काम टाळणाऱ्याला रात्री साधा गुरूही सापडत नाही, आणि बहुतेक नव्या दुर्बिणी इथेच कपाटात जातात.

गच्ची सोयीची असली तरी दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि त्यावरच्या हवेत ग्रह थरथरत राहतो. माती किंवा गवत बरे. खिडकीच्या काचेतून पाहण्यात अर्थ नाही. चंद्र आणि ग्रहांना शहराचा उजेड आड येत नाही, तेजोमेघांसाठी मात्र अंजनेरी-त्र्यंबककडे किंवा पेठच्या बाजूला जावे. घरातून बाहेर आणलेली नळी पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावी. डिसेंबर-जानेवारीत भिंगावर दव धरते. ते पुसू नये, नळीच्या तोंडाचे दवरोधक आवरण कायम लावून ठेवावे.

सुरुवात चंद्रापासून करावी, पण पौर्णिमेच्या नव्हे. शुद्ध सप्तमी ते दशमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. ९३ किलोमीटर रुंदीच्या कोपर्निकस विवराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती तेव्हाच कळतात. त्यानंतर गुरू. त्याचे चार मोठे चंद्र २८ पटींतही दिसतात आणि दर रात्री जागा बदलतात. ७० पटींत दोन पट्टे ओळखू येतात. मात्र पृथ्वी फिरत असल्याने तीनेक मिनिटांत ग्रह दृश्याबाहेर सरकतो, म्हणून त्याला कडेला ठेवून मध्यातून जाऊ द्यावे. सूर्याभोवती जवळजवळ बारा वर्षांत फेरी मारणारा हा ग्रह सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. २०२७ च्या सिंहस्थात ऑगस्टच्या अखेरीस तो सूर्याच्या तेजात बुडालेला असेल, वर पावसाळी ढग. सिंहस्थाचा गुरू पाहायचा तर फेब्रुवारी ते मे २०२७ हे महिने साधावेत.

शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीकडे नेमकी धार करून होती. आता ती वर्षागणिक उघडत आहेत. वसिष्ठ-अरुंधतीची जोडी लग्नात नुसत्या डोळ्यांनी दाखवतात, पण दुर्बिणीत खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो. हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिका २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतूनच पाहाव्यात. एप्रिल-मेमध्ये नरतुरंगातला ओमेगा तारागुच्छ दक्षिणेला सुमारे २२ अंशांपर्यंत चढतो. युरोपच्या बहुतेक भागांतून तो उगवतच नाही, नाशिकहून धूसर गोळ्यासारखा का होईना, दिसतो. छापील आकाशनकाशा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तासाठी काढलेला असेल, तर नाशिकला तेच आकाश सुमारे ३५ मिनिटे उशिरा दिसते.

सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. क्षणार्धात डोळा कायमचा जातो. काही संचांत नेत्रिकेला लावायची काळी काच येते. ती एकवटलेल्या उन्हाने तडकते, म्हणून सरळ फेकून द्यावी. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास दिसेल. त्यासाठी नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा, खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टरच हवा, आणि तेव्हा फाइंडर काढून ठेवावा.

जून ते सप्टेंबर दुर्बीण बहुतेक घरातच राहते आणि याच महिन्यांत तिचे खरे नुकसान होते. ओलसर पेटीत बंद ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते आणि वेळीच न काढल्यास तिचे डाग काचेवरच्या लेपात कायमचे उतरतात. नळी व नेत्रिका सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या डब्यात ठेवाव्यात आणि पुड्या पावसाळाभर अधूनमधून बदलाव्यात.