मावशींनाही मीटिंगला बोलवा

दर वर्षी १३ ऑक्टोबरला जागतिक थ्रॉम्बोसिस दिन असतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, सुटते आणि फुप्फुसात जाऊन अडकते, हे पुणेकरांना नव्यानं सांगायला नको. कोविडच्या दोन वर्षांत 'डी-डायमर किती आला?' हा गुठळीच्या चाचणीबद्दलचा प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येत होता आणि पोटावर घ्यायचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन घराघरांत माहीत झालं होतं. साथ ओसरली, धाकही ओसरला. पण गुठळी व्हायला कोविडच हवा असं थोडंच आहे? गुडघा बदलला, खुब्याचं हाड मोडलं, न्यूमोनियानं आठवडाभर अंथरूण धरलं, तरी पुरतं.

आपल्या लोकांना हे होत नाही, असं इथले अनेक सर्जन वर्षानुवर्षं मानत आले. ३२ देशांतल्या रुग्णालयांची 'एंडॉर्स' ही पाहणी २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. तिच्यातल्या भारतीय रुग्णालयांत निम्म्याहून अधिक रुग्ण धोक्याच्या गटात होते आणि त्यांच्यापैकी योग्य प्रतिबंध मिळालेले पाचात एकही नव्हते. औषध तर जुनंच आहे. हेपारिनच्या छोट्या मात्रेनं शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू टळतात, हे लंडनच्या डॉ. विजय कक्कर यांच्या नेतृत्वाखालच्या चाचणीनं १९७५ मध्येच दाखवलं होतं.

मग अडतं कुठे? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सनं संगणकाला शिस्त लावली : धोक्याचा तक्ता भरल्याशिवाय डॉक्टरची ऑर्डर पुढे जाईना. तरी लिहून दिलेल्या शंभरातले बारा-एक डोस दिलेच जात नव्हते. सर्वांत मोठं कारण म्हणजे रुग्णच 'नको' म्हणायचा. बोस्टन मेडिकल सेंटरनं प्रत्येक सर्जरीच्या रुग्णाला धोक्याचे गुण दिले, त्यानुसार औषध ठरवलं आणि दिवसातून तीनदा चालवलं. पायातल्या गुठळ्यांचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून ०.३ वर आलं.

मला यातलं चालवणं महत्त्वाचं वाटतं, कारण आपला वॉर्ड तिथंच फसतो. फिजिओथेरपिस्ट सकाळी येऊन जातो. संध्याकाळी सिस्टरच्या हाताखाली इतके पेशंट, की ती बोलायलाही थांबू शकत नाही. उशाशी बसलेली आत्या म्हणते, "उठू नकोस गं, टाके उसवतील." अशा वेळी हाताला धरून उठवणारी एकच व्यक्ती उरते, वॉर्डातल्या मावशी. पण गुणवत्ता समितीच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचची तपासणी जवळ आली की फायली मात्र झळझळीत होतात! फाइल चालत नाही, पेशंटला चालावं लागतं.

सरसकट सगळ्यांना इंजेक्शन टोचणं हाही वेडेपणाच. ऑक्टोबरातल्या पुण्यात डेंगीनं प्लेटलेट घसरलेल्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं. तिथे पोटऱ्या दाबणाऱ्या, हवा भरणाऱ्या पट्ट्या वापरता येतात. म्हणून दाखल होतानाच धोका मोजायचा आणि प्रकृती बदलली की पुन्हा मोजायचा. किती डोस चुकले, कोणामुळे नव्हे तर कशामुळे, हे दर आठवड्याला वॉर्डातल्या फळ्यावर लिहायचं. ते वाचायला डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट आणि मावशी एकत्र उभे राहायला हवेत.

आत्यालाही सांगायला हवं, आणि डिस्चार्जच्या दिवशी तर नक्कीच. खुबा बदलल्यावर औषध ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवावं लागू शकतं, आणि तेव्हा रुग्ण घरी, तिच्याच ताब्यात असतो.