हॉर्न म्हणजे ब्रेक नव्हे

जुना नागपूर–औरंगाबाद रस्ता शेलूबाजार गावातूनच जातो. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि इथल्या इंटरचेंजवरून उतरणाऱ्या गाड्यांची त्यात भर पडली. चौकात उभ्या असलेल्या कोणालाही हॉर्नबद्दल छेडा, उत्तर ठरलेलं: "हारन नाई वाजवला तं मानूस चाकाखाली येईन ना भाऊ!"

बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे सरकते. हॉर्न ऐकून माणसाने दचकायचं, आवाज कुठून आला ते बघायचं, कोणत्या बाजूला सरकायचं ते ठरवायचं. यात दोन सेकंद गेले तर गाडी 33 मीटर पुढे आलेली असते. तेवढ्यात ब्रेकवर पाय पडला असता तर वेग उतरू लागला असता. बटण दाबून त्याच वेगात चौक पार करणारा चालक काळजी घेत नसतो, ती समोरच्या म्हाताऱ्यावर ढकलत असतो.

मग निघतो प्रेशर हॉर्न. जितका मोठा, तितका सुरक्षित, अशी समजूत. डेसिबलचं गणित मात्र साध्या बेरजेचं नाही. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. एकाने आवाज चढवला की दुसऱ्यालाही चढवावा लागतो, आणि शेवटी त्या कल्लोळात कोणाचाच इशारा वेगळा ऐकू येत नाही. ट्रॅक्टरवर टेप फुल करून निघालेल्याला मागचा ट्रक ऐकू येत नसेल, तर उपाय टेपच्या बटणात आहे, ट्रकच्या भोंग्यात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 119 ने बहुसुरी आणि कर्कश हॉर्नना मनाई केली आहे, ती उगाच नाही. मुंबई पोलिसांनी 2020 च्या जानेवारीत एक गंमत दाखवली होती: सिग्नलवरचा गोंगाट 85 डेसिबलपुढे गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आपल्या चौकात बाजाराच्या दिवशी हा प्रयोग केला तर पहिला ट्रक दुसऱ्या दिवशीच हलेल.

बुलेटला फटाका सायलेन्सर लावणारी पोरंही सुरक्षेचंच कारण सांगतात. नळीचं तोंड मागे असतं आणि धोका बहुतेकदा पुढून येतो. अमेरिकेत 1981 साली प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालाने कॅलिफोर्नियातले 900 मोटारसायकल अपघात तपासले. त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त धोके चालकाच्या समोरच्याच बाजूला होते. गावाची झोप मात्र हमखास मोडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली अशा सायलेन्सरसाठी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग सगळीच वाहनं मुकी केली तर? इथे उलटा गैरसमज सुरू होतो. एसटीची पहिली ई-शिवाई 1 जून 2022 ला पुणे–नगर मार्गावर धावली. अशी विजेची गाडी स्थानकात हळू वळताना पाठीमागे आली तरी कळत नाही. कारच्या बाबतीत साधारण ताशी 30–40 किलोमीटरपुढे टायर-रस्त्याचाच आवाज वरचढ ठरतो, तेव्हा इंजिन डिझेलचं की विजेचं याने फारसा फरक पडत नाही. खरी जोखीम हळू चालण्यात आहे, आणि कानाच्या भरवशावर रस्ता ओलांडणाऱ्या दृष्टिहीन माणसाला ती सगळ्यात जास्त. म्हणून युरोपने जुलै 2019 पासून नव्या विद्युत मॉडेलना कमी वेगात हलका कृत्रिम आवाज सक्तीचा केला. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2025 च्या मसुद्यात नव्या मॉडेलसाठी 1 ऑक्टोबर 2026, तर सर्व नव्या गाड्यांसाठी 1 ऑक्टोबर 2027 अशा तारखा आहेत.

मुद्दाम केलेला आवाज समृद्धीवरही कामी येतो: सरळ रस्त्यावर डोळा लागू लागलेल्या चालकाला रम्बल स्ट्रिपचा खडखडाट जागं करतो. तो आवाज त्याच्यासाठी असतो, शेजारच्या गावासाठी नाही.

मंत्रालयाचा तो मसुदा कार, बस आणि मालवाहू गाड्यांसाठी आहे. विजेची स्कूटर त्यात नाही, तेव्हा ती घेऊन बाजारात शिरताना पाठमोऱ्या माणसाला तुम्ही ऐकू येत नाही, हे धरूनच चालवा.