बाळाचा मेंदू पोटातच घडतो

घरात सून गरोदर राहिली की चार दिवस तिचे कौतुक होते. पण जेवायला ती बसते सर्वांच्या शेवटी. तोवर भाजी संपलेली असते, वरणाचे नुसते पाणी उरते. वर घरातली वडीलधारी बाई बजावते, "बेतानं खा गं, पोर मोठं झालं तर अडंल." सांगणारीच्या मनात काळजीच असते, पण हे सांगणे चुकीचे आहे. ते का, हे आपण पाहू.

ज्वारी पोटरीत आली की तिला पाणी हवे. त्या वेळी ताण पडला तर मागून कितीही पाऊस येवो, कणीस नीट भरत नाही. बाळाच्या मेंदूचेही तसेच आहे. त्याच्या वाढीच्या ठराविक वेळा असतात. त्या कोणासाठी थांबत नाहीत.

पहिली वेळ फार लवकर येते. गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत एक बारीक नळी मिटते. तिच्यापासूनच मेंदू आणि पाठीच्या कण्यातली मज्जा तयार होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असतो. आईच्या अंगात फॉलिक आम्ल कमी असले तर ही नळी उघडी राहण्याचा धोका वाढतो. म्हणून मूल हवे असे ठरले की आधीपासूनच फॉलिक आम्लाची गोळी सुरू करावी. पालेभाजी आणि डाळीतही ते असते.

पहिल्या काही महिन्यांत आयोडीन फार महत्त्वाचे. ते फार कमी पडले तर मूल मंदबुद्धी किंवा बहिरे होऊ शकते. उपाय मात्र स्वस्त आहे. आयोडीनचे मीठ आणा आणि झाकणाच्या बरणीत ठेवा.

शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. जन्मवेळी तो सुमारे ३५० ग्रॅम भरतो. हे सारे येते कोठून? आईच्या ताटातून. डाळ, दूध, अंडी यांनी शरीर घडते. लोहाने रक्त होते आणि मेंदूलाही लोह लागते. दवाखान्यातली लोहाची गोळी रोज घ्यावी. ती चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाणी चालेल.

आता आपल्याच मुलखातली गोष्ट. पुण्याजवळच्या सहा गावांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये गरोदर बायांची पाहणी सुरू केली. या बायांचे गरोदरपणाआधीचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. ज्या आया पालेभाजी, फळे आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळे जन्मतः मोठी भरली. निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. विजेच्या तारेवर वेष्टन असते ना, तसे मज्जातंतूंवर वेष्टन चढते. त्याला बी-१२ लागते. पुढे यांतली काही मुले ९ वर्षांची झाल्यावर तपासली. ज्यांच्या आयांना बी-१२ फार कमी पडले होते, ती मुले लक्ष टिकवण्यात आणि ऐकलेले ध्यानात ठेवण्यात मागे पडली. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. धान्यात व भाजीपाल्यात नसते.

मग मूल अडले तर? त्यावर उपाय दवाखाना, उपासमार नव्हे. अर्धपोटी बाईचे रक्त कमी होते आणि बाळंतपणात तिच्याच जिवाला धोका वाढतो.

एखादे मूल अशक्त जन्मले तर आईला बोल लावू नका. तिला शेवटी कोणी बसवले? धीरही सोडू नका. जन्मानंतर पहिली दोन वर्षे मेंदू वेगाने वाढत असतो. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, त्यानंतर दुधासोबत पोटभर वरचे अन्न द्या. बाळाशी बोला, खेळा.

आम्ही घरच्या कर्त्या माणसांना आणि सासूबाईंना एवढेच सांगतो. गरोदर बाईला आपल्याबरोबर जेवायला बसवा. तिच्या ताटात डाळ घट्ट वाढा. दूध घरात थोडे असेल तर आधी तिला द्या. अंगणवाडीतून तिच्या नावाने मिळालेला आहार तिच्याच पोटात जाऊ द्या. शंका असेल तर आशाताईंना विचारा. हे आजच्या जेवणापासून करता येईल.