स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचे कॅलिबर
कॅलिबर म्हणजे बंदुकीच्या नळीचा आतील व्यास. व्यवहारात काडतुसाचा प्रकारही त्याच नावाने ओळखला जातो. मोठे कॅलिबर अधिक सुरक्षित, हा समज अमेरिकेत दृढ होण्यामागे एक चकमक आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. ९ मिमीची एक गोळी हल्लेखोराच्या हृदयापर्यंत न पोहोचता थांबली आणि तो गोळीबार करीतच राहिला. दोष गोळीला देण्यात आला. एफबीआयने प्रथम १० मिमी व पुढे.४० एस अँड डब्ल्यू स्वीकारले. परंतु त्यांच्या जोरदार धक्क्यामुळे नेम टिकवणे अनेकांना जड जाई. गोळ्यांची रचना सुधारल्यावर २०१० च्या दशकात एफबीआय ९ मिमीकडेच परतली. भारतात मात्र सामान्य परवानाधारकांना ९ मिमी निषिद्ध असल्याने बहुधा .३२ वापरले जाते.